बाई, विश्राम आणि शेवटची भाकरी

बाईंनी मला खोली दिली ती माझे बारावीचे गुण बघून नव्हे, मला पळायला लावून.

मेहकरच्या कॉलेजात नाव घालायचं ठरलं, तेव्हा बाबा मला घेऊन त्यांच्या दारात उभे राहिले. हातात जानेफळच्या आमच्या वावरातल्या वांग्यांची पिशवी. आमच्या घरातलं कुणीच तोवर कॉलेजात गेलेलं नव्हतं, त्यामुळे खोली मागताना काय बोलतात हे आम्हां दोघांनाही ठाऊक नव्हतं. बाबांनी आपल्या परीने सुरुवात केली, "पोरगी हुशार हाय बाई. बारावीले सायन्सले..."

बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "तो कोपऱ्यावरचा हापसा दिसतो? शिवून परत ये."

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी वांग्यांकडे पाहिलं. मग मी चपला काढून पळाले. परत आले तेव्हा बाई माझ्या पायांकडे बघत होत्या.

"श्वास तोंडाने घेते. पण मधे थांबली नाही. वरची खोली. जिना पळत चढायचा."

माझ्या उच्च शिक्षणाची सुरुवात ही अशी झाली.

बाई गावातल्या शाळेतून निवृत्त झालेल्या पी.टी.च्या बाई. लग्न केलेलं नव्हतं, त्याबद्दल विचारायची कुणाची छाती नव्हती. गावात त्यांना नावाने कुणी ओळखत नसे, नुसतं 'बाई' म्हटलं की पुरे. गळ्यात शिट्टी असायची, स्वयंपाक करतानाही. चहा उकळला की त्या शिट्टी वाजवत आणि मी वरून खाली येत असे. घरात खुर्ची एकच होती आणि तिच्यावर कायम इस्त्रीच्या कपड्यांची चवड. "खुर्ची हा आजार आहे," असं त्यांचं म्हणणं. पेपर उभ्याने वाचायच्या, जेवायच्या उभ्याने. हुकूम त्या शुद्ध पुस्तकी मराठीत द्यायच्या आणि रागवायच्या वऱ्हाडीत, त्यामुळे त्या कोणत्या मनःस्थितीत आहेत हे पहिल्या शब्दावरूनच कळायचं.

गल्लीतले निम्मे संसारी लोक त्यांच्या हाताखालून गेलेले. बाईंना त्यांची नावं आठवत नसत, हजेरीचे क्रमांक आठवत. कोपऱ्यावर सलीमभाईंची बेकरी होती. सलीमभाईंच्या मुलीचं लग्न होऊन गेलेलं, दाढी पांढरी झालेली, पण बाई समोरून गेल्या की त्या मान न वळवता म्हणत, "सतरा, पोट आत." आणि सलीमभाई टोस्टचा ट्रे हातात धरून, श्वास कोंडून, बाई वळेपर्यंत पोट आत घेऊन उभे राहत.

"क्या करू," ते मला म्हणायचे, "ग्राउंडवर इतकं पळवलं बाईनं, की अजून सपनात पळून राह्यलो."

अशा बाईंनी कुत्रा पाळला तो लॅब्रॅडॉर. निवृत्तीनंतर सकाळी सोबत धावायला कुणी उरलं नव्हतं. त्यांनी कुठून तरी कुत्र्यांच्या जातींवरचं एक जाड इंग्रजी पुस्तक मिळवलं आणि त्यातून निवड केली. लॅब्रॅडॉरबद्दल लिहिलं होतं की ही जात चपळ, उत्साही, माणसाळू आणि दिवसभर काम करूनही न थकणारी. दोन ओळी खाली 'खाण्याची विलक्षण आवड' असंही लिहिलेलं होतं. ती ओळ बाईंनी सोडून दिली. मी राहायला गेले त्याच पावसाळ्यात त्यांच्या भाच्याने पुण्याहून पिल्लू आणून दिलं. पिवळसर, गुबगुबीत, पायांच्या मानाने पंजे मोठे. बाईंनी त्याला अंगणात उभं केलं आणि "सावधान!" म्हटलं. ते बसलं. पुन्हा उभं केलं, तर ते आडवं झालं. म्हणून त्याचं नाव विश्राम.

या नावाने गल्लीची पंचाईत झाली. बाई त्याला जोरात हाक मारायच्या आणि रस्त्याने जाणारी पिशवीवाली, सायकलवाली मोठी माणसं जागच्या जागी थांबून पाय फाकवत, हात मागे बांधत. मग आजूबाजूला बघत आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पुढे जात.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की सगळ्या लसी होईपर्यंत पिल्लाला बाहेरच्या कुत्र्यांच्या जवळ जाऊ देऊ नका. दुसऱ्या कुणी पिल्लू घरात ठेवलं असतं. बाईंनी गल्ली रिकामी केली. शिट्टी आणि लेझीमची एक जुनी काठी घेऊन त्या आठवडाभर सकाळ-संध्याकाळ फिरल्या आणि गल्लीतली सगळी गावठी कुत्री त्यांनी बाजाराच्या पलीकडे हाकलून दिली. शेवटी तर नुसती शिट्टी वाजली तरी कुत्री शेपूट घालून पळायची. शेजारच्या शोभाकाकू दारात भाकरी घेऊन हे बघत उभ्या होत्या. आमच्याकडे पहिली भाकरी गायीची आणि शेवटची कुत्र्याची. परातीत उरलेल्या पिठाची, जरा लहान, जरा वाकडी, पण रोज होते. आणि ती कुठेही टाकून चालत नाही, कुत्र्याच्याच तोंडी पडावी लागते.

"बाई," काकू म्हणाल्या, "मंग माही शेवटची भाकर कोणाले घालू?"

"तो माझा प्रश्न नाही," बाई म्हणाल्या आणि शिट्टी वाजवत पुढे गेल्या.

हे वाक्य त्यांना पुढे फार महाग पडलं.

रोज संध्याकाळी मी त्या जाड पुस्तकातलं एक पान मोठ्याने वाचायचं, असा माझ्या भाड्याचा एक भाग ठरला होता. माझं इंग्रजी कच्चं होतं. मी अडखळत वाचायची, बाई येरझारा घालत ऐकायच्या आणि विश्राम माझ्या पायावर हनुवटी टेकून आपल्या घराण्याचा इतिहास ऐकत झोपायचा. त्यातून कळलं की लॅब्रॅडॉर हा मुळात लॅब्रॅडॉरचा नव्हेच, शेजारच्या न्यूफाउंडलंड बेटावरचा. बाई एकदम थांबल्या. "म्हणजे जन्म एका गावचा अन् दाखला दुसऱ्या गावचा. असले लय पाह्यले मी शाळेत." तिथल्या बर्फासारख्या पाण्यात हे कुत्रे उड्या मारायचे, कोळ्यांची जाळी ओढून आणायचे, जाळ्यातून निसटलेले मासे धरून आणायचे. अंगावर दुहेरी केस, पाणी आत शिरू नये म्हणून. शेपूट पाणमांजरासारखी जाड, पाण्यात सुकाणूसारखी चालणारी. पुढे इंग्लंडच्या जमीनदारांनी ती जात नेली आणि बंदुकीने पाडलेली बदकं गोळा करायला शिकवली. तोंड इतकं नरम की पक्ष्याला दात लागत नाही, अंडं दिलं तरी न फोडता आणून देईल.

बाईंनी लगेच गावरान अंडं मागवलं आणि विश्रामच्या तोंडात दिलं. त्याने ते टरफलासकट खाल्लं.

"लहान आहे," बाई म्हणाल्या. "तो धडा पुढचा आहे."

त्या वाचनाने मला काय दिलं हे मला पहिल्या वर्षाच्या इंग्रजीच्या पेपरात कळलं. समुद्रकिनाऱ्यावर निबंध आला होता. मी समुद्र पाहिलेला नव्हता, पण न्यूफाउंडलंडचा किनारा मला पाठ होता. चांगले गुण पडले. बाबांनी तो आनंद साजरा करायला पुन्हा वांगीच आणली.

विश्राम मोठा झाला तसा त्याचा स्वभावही पुस्तकाबरहुकूम निघाला. जगात परका माणूस असतो हे त्याला मान्यच नव्हतं. सिलिंडरवाला, मीटर बघणारा, रस्ता चुकलेला, सगळ्यांचं स्वागत सारखंच. त्या जाड शेपटीने त्याने बाईंचे किती कप फोडले याची मोजदाद नाही. एकदा भर दुपारी कुणीतरी अंगणातली पाण्याची मोटर उचलली. विश्राम भुंकला नाहीच, उलट त्याला सोडायला त्याच्या घरापर्यंत गेला. मोटर मिळाली ती त्यामुळेच, कारण आम्ही शोधायला निघालो तेव्हा विश्राम त्या माणसाच्या दारात शेपूट हलवत बसलेला होता, कुणीतरी पाणी तरी विचारेल म्हणून.

बाईंनी त्याची निगा मात्र शाळेच्या वेळापत्रकासारखी ठेवली. सकाळी धावणं, उन्हं चढायच्या आत परत. जेवण मोजून, दोन वेळा. कांदा नाही, गोड नाही. आंघोळीनंतर कान कोरडे करणं, नखं कापणं, झडणारे केस विंचरणं. त्या केसांची उशी होईल इतके केस निघायचे, आणि पोळ्यांतही निघायचे. एवढं करूनही दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीपर्यंत विश्राम पिंपासारखा झाला. सकाळच्या धावण्यात तो हापशापर्यंत जायचा आणि तिथे नावाला जागून बसायचा.

दवाखान्यातल्या लहान काट्यावर तो मावेना, म्हणून बाई त्याला अडतीवर घेऊन गेल्या, जिथे सोयाबीनची पोती तोलतात. दोन पोत्यांच्या मधे विश्राम मोठ्या आनंदाने काट्यावर उभा राहिला. हमालाने आकडा बघितला, विश्रामच्या पाठीवरून हात फिरवला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "माल भारी हाय बाई. पण ओलावा जास्त हाय. वजनात कट्टी लागंन."

सगळी अडत हसली. बाई हसल्या नाहीत.

जनावरांचे डॉक्टर हे बाईंचेच विद्यार्थी. त्यांनी विश्रामचे मागचे पाय दाबून पाहिले, वाकवून पाहिले आणि नकळत सावधानमध्ये उभे राहून सांगितलं, "बाई, दोन्ही खुबे ढिले आहेत. या जातीत असतं ते. वजन उतरलं तर आयुष्यभर निभेल. असंच राहिलं तर उन्हाळ्यापर्यंत मागचे पाय जातील. मग उठणार नाही तो."

"औषध?"

"उपाशी ठेवणं."

"मी मोजूनच देते."

"मग कुणीतरी दुसरं देतंय बाई. याला नाही म्हणता येत नाही. यातल्या काहींच्या रक्तातच असतं, पोट भरलं हे त्यांना कळतच नाही."

 परत येताना बेकरीवरून गेलो, सलीमभाईंनी पोट आत घेतलं, पण त्या नुसत्याच पुढे गेल्या. सलीमभाई घाबरून मला खुणेने विचारायला लागले, काय झालं. घरी आल्यावर त्यांनी विश्रामचा पट्टा काढला, त्याच्या खुब्यावर तळहात ठेवून वाकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "साऱ्या गावाचं पोट आत घेतलं मी. घरचंच राह्यलं."

पहिला संशय माझ्यावर आला. साहजिक होतं, घरात दुसरं माणूस नव्हतं. मी माझ्यापुरतं वर शिजवायची, म्हणून दुसऱ्या दिवसापासून माझा पिठाचा डबा खाली बोलावला जाऊ लागला. सकाळी वजन, संध्याकाळी वजन. मी माझी प्रत्येक पोळी शपथेवर खाल्ली. खोली गेली तर कॉलेजचं काय, ही भीती होतीच. जानेफळहून रोज येणं-जाणं बाबांना पटलं नसतं, आईला तर नाहीच. पण मी डबा निमूटपणे खाली-वर करत राहिले, कारण बाईंचा चेहराच तसा झाला होता.

थंडीतली संध्याकाळ होती. मी ओट्यावर पुस्तक वाचत होते, बाई येरझारा घालत होत्या. विश्राम गल्लीत फेरी मारून डुलत डुलत आला, बाईंच्या समोर थांबला, मान खाली केली आणि अलगद त्यांच्या पावलाशी एक अंडं ठेवलं. सबंध. एक चीरही नाही.

मला इतका आनंद झाला. "बाई, पुस्तक बरोबर होतं."

बाई अंड्याकडे बघत राहिल्या.

"पुस्तक गेलं खड्ड्यात," त्या म्हणाल्या. "यानं हे खाल्लं काऊन नाई?"

मग माझ्याही डोक्यात प्रकाश पडला. ज्या प्राण्याने माझी प्लास्टिकची कंपासपेटी खाल्ली होती, त्याच्या पोटात एका अंड्याची जागा उरली नव्हती. आणि आमच्या घरात कोंबडी नव्हती.

दुसऱ्या संध्याकाळी, स्वयंपाकाच्या वेळेला, आम्ही त्याच्या मागे गेलो. बाई पुढे, मी मागे, दोघी भिंतीच्या कडेने. विश्रामला त्याचं काही नव्हतं. तो शोभाकाकूंच्या दारात गेला, ताठ बसला. काकूंनी शेवटची भाकरी आणून त्याच्या तोंडात दिली आणि हात जोडले. तो पुढच्या दारात गेला. तिथेही तेच. त्याच्या पुढच्या दारात भाकरीवर दूध होतं, कारण सुनेला दिवस गेले होते आणि सासूला विश्रामचा पायगुण चांगला वाटायचा. ती सगळी गल्ली तो देवळातल्या पुजाऱ्यासारखा फिरला. शेवटी बेकरी. सलीमभाई फुटक्या टोस्टचा ट्रे घेऊन त्याच्यासमोर उभे होते, एक हात कमरेवर.

"सतरा!" सलीमभाई विश्रामला दरडावत होते. "पोट आत! और अंदर! शाबास. ले."

विश्रामने टोस्ट घेतला. सलीमभाईंनी दुसरा उचलला आणि मागे बघितलं. बाई होत्या.

सलीमभाईंनी पोट आत घेतलं.

"रोज?" बाईंनी विचारलं.

"दोस्ती में बाई," सलीमभाई कोंडलेल्या श्वासात म्हणाले. "कबी कबी अंडा बी."

बाईंनी तिथेच शिट्टी वाजवली. गल्लीतले सगळे बाहेर आले, सवयीने ओळीत उभे राहिले. बाईंनी डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. उन्हाळ्यापर्यंत पाय जातील, हे ऐकून बायका हळहळल्या. मग बाई म्हणाल्या, "आजपासून भाकरी बंद."

आणि तिथे ओळ मोडली.

"बंद कशी करू बाई?" शोभाकाकू पुढे आल्या. "माह्या बाळंतपणात सुदिक बंद नाई पडली. सासूनं घातली. अन् तुमीच त सारे कुत्रे हाकलले. मी ईचारलं नव्हतं का तुमाले, माही भाकर कोणाले घालू म्हून? तुमी म्हणल्या, माहा प्रश्न नाई."

बाईंनी शिट्टी तोंडाकडे नेली आणि न वाजवताच खाली सोडली. असं मी प्रथमच पाहिलं, आणि बहुतेक त्या गल्लीनेही. काहीजणांच्या चेहऱ्यावर ग्राउंडच्या जुन्या चकरांची भरपाई झाल्याचं समाधान होतं, हे मी नाकारणार नाही.

त्या रात्री माझा पिठाचा डबा दाराशी ठेवलेला होता. पीठ होतं त्यापेक्षा वर आलेलं होतं, दाबून भरलेलं. बाईंची माफी मागायची पद्धत ती.

पण बाई हार मानणाऱ्या नव्हत्या. आधी त्यांनी माझ्या हस्ताक्षरात पाटी करून घेतली, 'मला खायला देऊ नये', आणि ती विश्रामच्या गळ्यात अडकवली. तो ती मिरवत फिरला आणि नेहमीसारखा भरल्या पोटी परत आला. शोभाकाकूंना विचारलं तर म्हणाल्या, "वाचली मी पाटी. पण त्या बिचाऱ्याले कुठं वाचता येते?" मग त्याला बांधून ठेवलं, तर बायका भाकऱ्या घेऊन फाटकाशी यायला लागल्या. मग बाईंनी जाहीर केलं की जो खाऊ घालेल त्याने आधी हापशापर्यंत दोन चकरा मारायच्या. त्यांना वाटलं, लोक लाजतील. संध्याकाळी बघते तर शोभाकाकू पदर खोचून पळत होत्या, हातात भाकरी. त्यांच्यामागे सलीमभाई धापा टाकत आले आणि म्हणाले, "बाई, चक्कर पूरा. अब टोस्ट देऊ?"

आठवड्याभरात गल्ली सडपातळ दिसायला लागली आणि विश्राम होता तेवढाच. थंडी सरत आली होती. एका सकाळी त्याला उठायला दोन प्रयत्न लागले. बाईंनी ते पाहिलं, मीही पाहिलं.

त्या दिवशी बाई स्वतः शोभाकाकूंच्या दारात गेल्या. "शोभा," त्या म्हणाल्या. क्रमांक नाही, नाव. "गल्लीतले कुत्रे परत आले, त त्याहीले घालशील?"

"मले काय," काकू म्हणाल्या, "भाकर कुत्र्याच्या तोंडात पडल्याशी मतलब. पण येतील का ते आता? तुमी का कमी झोडपलं त्याहीले?"

आम्ही बाजाराच्या पलीकडे, मटणाच्या दुकानांमागे गेलो. आमच्या गल्लीतली मंडळी तिथे पसरलेली होती. कान फाटलेली तपकिरी कुत्री मी लांबून ओळखली. बाईंनी तिला बोलवायचं म्हणून, जन्माच्या सवयीने, शिट्टी वाजवली. क्षणात मैदान मोकळं. खाटीकसुद्धा सुरी खाली ठेवून बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी भाकरीच्या वेळेला विश्रामला घरी सोडणं शक्य नव्हतं, म्हणून त्यालाही घेतलं. बेकरीतून सलीमभाई फुटक्या टोस्टची पिशवी घेऊन न सांगता मागे आले. दुकानांमागे पोचल्यावर बाईंनी गळ्यातली शिट्टी काढली आणि माझ्या हातात दिली. दोरीचा पांढुरका वळ त्यांच्या मानेवर दिसत होता. मग त्या खाली बसल्या, मातीत, मांडी घालून. त्यांना बसलेलं मी कधी पाहिलेलं नव्हतं. पाय दुमडताना गुडघे वाजले.

"बाई, आप बैठे?" सलीमभाई हळूच म्हणाले.

"सतरा, गप बस."

सलीमभाईही बसले. मग मीही. लांबून कुत्री बघत होती. टोस्ट पुढे टाकला तर मागे सरकत होती. ऊन उतरायला लागलं. कान फाटकी थोडी पुढे आली, बाईंचा हात हलला आणि ती पुन्हा गेली. "हिलेच सगळ्यात जास्त हाकललं होतं म्या," बाई म्हणाल्या.

विश्राम इतका वेळ पट्टा ताणून कुईकुई करत होता. एवढे पाहुणे समोर असताना आपल्याला बांधून का ठेवलं आहे हे त्याला कळत नव्हतं. शेवटी बाईंनी पट्टा सोडून दिला. तो मागचे पाय किंचित ओढत त्या घोळक्यात शिरला. कुत्र्यांनी दात दाखवले, पाठीवरचे केस उभे केले. विश्राम सरळ उताणा झाला आणि ते सगळं पोट त्याने आकाशाकडे केलं. कान फाटकीने त्याला हुंगलं. मग दुसऱ्याने. त्याच्या अंगाला आमच्या गल्लीच्या सगळ्या चुलींचा वास असणार.

तो उठला आणि बाईंच्या मांडीवरचा टोस्ट त्याने तोंडात धरला. नरम तोंडाने तो त्याने कान फाटकीपुढे नेऊन ठेवला असं लिहायला मला आवडलं असतं. त्याने तो खाल्ला. मात्र मग भाकरीची वेळ टळत असल्याचं ध्यानात येऊन तो घराच्या दिशेने निघाला, आणि त्याच्या मागोमाग, थोडं अंतर ठेवून, ती सगळी निघाली.

"उठू नका," बाई कुजबुजल्या. "त्याहीले पुढं जाऊ द्या."

त्यांच्या मागून आम्ही तिघे चोरांसारखे चाललो. गल्लीत दारोदारी बायका भाकऱ्या घेऊन उभ्या होत्या. बाई पुढे झाल्या, विश्रामचा पट्टा घट्ट धरला आणि दबक्या आवाजात वाटणी केली. "शोभा, ही फाटक्या कानाची तुझी. तो काळा तुमचा. सतरा, तू त्या लंगड्याला दे, एकच टोस्ट." एकेक भाकरी एकेका तोंडात पडली. काकूंनी हात जोडले. विश्राम प्रत्येक दारात बसला, पोट आत घेतलं, आणि प्रत्येक दारातून रिकामा परतला. त्या संध्याकाळी तो असा काही रडला की कुणाचंही मन द्रवलं असतं. बाई त्याच्या शेजारी ओट्यावर बसून राहिल्या. मी शिट्टी परत द्यायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे थोडे दिवस. ते घाबरतात."

पुस्तकात 'रिट्रीव्हर' हा शब्द पुन्हा पुन्हा यायचा, त्या जातीच्या नावालाच जोडलेला. मी अर्थ शोधून ठेवला होता, निसटलेलं परत आणणारा. मी तो बाईंना वाचून दाखवला.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पुढचं पान."

उन्हाळा तोंडावर आला तेव्हा आम्ही पुन्हा अडतीवर गेलो. तोच हमाल. विश्राम काट्यावर चढला, या वेळी उडी मारून. हमालाने आकडा बघितला, पाठीवरून हात फिरवला, बरगड्या चाचपल्या.

"ओलावा गेला बाई," तो म्हणाला. "माल चांगला वाळला."

"विश्राम!" बाईंनी आनंदाने हाक मारली. अडतीतल्या चार-पाच जणांनी पाठीवर पोती असतानाच पाय फाकवले.

मी पदवी घेतली तेव्हा बाबांनी बाईंना वांगी आणली आणि बाईंनी ती पहिल्यांदाच बसून चिरली. पुढे मला संग्रामपूरला नोकरी लागली. आमच्या घराण्यातलं पहिलं टेबल आणि पहिली फिरती खुर्ची मला मिळाली. त्या खुर्चीत मी जेव्हा जेव्हा बसते तेव्हा थोडी अपराधी बसते.

गेल्या महिन्यात पेढे घेऊन बाईंकडे गेले, बढतीचे. शिट्टी गळ्यात परत आलेली होती. गल्लीतल्या गावठी कुत्र्यांना क्रमांक पडले होते. कान फाटकी आता म्हातारी, तिचा क्रमांक एक, आणि ती शोभाकाकूंच्या ओट्यावर पिंपासारखी पसरलेली.

"हिला कोणीतरी देऊन राह्यलं," बाई डोळे बारीक करून म्हणाल्या. "सतराच असंन." मग माझ्याकडे वळल्या. पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "नोकरी खुर्चीतली?"

"हो बाई."

"तो हापसा दिसतो?"

हापसा केव्हाच बंद पडलेला आहे, पण कोपऱ्यावर अजून उभा आहे. मी पेढे ओट्यावर ठेवले, चपला काढल्या, साडी खोचली आणि पळाले. बेकरीतून सलीमभाई ओरडले, "मॅडम, पोट आत." हापशाला हात लावला आणि धाप टाकत मागे वळले.

विश्राम माझ्या मागून येत होता. तोंड पांढरं झालेलं, चाल संथ. तो हापशापाशी आला, मला हुंगलं, एक मागचा पाय वर केला आणि उरलेल्या एकट्या मागच्या पायावर भक्कम उभा राहून, आपल्या पद्धतीने, हापशाला शिवला. बराच वेळ शिवला. मग आम्ही दोघे परत निघालो, आणि फाटकातून बाईंची शिट्टी वाजली.